दुपारची भट्टी

मंठ्यात आमेरची बेकरी पहाटे पाव काढायची. हॉटेलवाले पाव घेऊन गेले की आमेर भट्टीतले निखारे ओढून बाहेर काढायचा, तोंडाला पत्रा लावायचा आणि झोपायला जायचा. त्यानंतर भट्टी त्याच्या आईची. रहिमुन्निसाची.

आग नसायची, पण विटांनी पिऊन ठेवलेली आच संध्याकाळपर्यंत पुरायची. पावाला कमी, नानकटाईला बराबर. जेवणं आटोपली की मागच्या दारानं बायका यायच्या. तहसीलमधून निवृत्त झालेल्या कारकुनाची बायको, जिला सगळी गल्ली नीलाकाकू म्हणायची, ती परात घेऊन. शिवणकाम करणारी गजाला शेंगदाणे घेऊन. अंगणवाडीतली ज्योत्स्ना कुणाच्या तरी बाळंतपणाचं खोबरं, खारीक, नाहीतर बाळाच्या खिमटीसाठी धुऊन वाळवलेले तांदूळ घेऊन. भट्टीत ट्रे सरकवायचा आणि भोवती बसून राहायचं. घाम पुसायचा, उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, एखादीनं रडून घ्यायचं. कुणी काही द्यायचं नाही, कुणी मागायचं नाही. आच उरलेलीच होती. ती कुणी घेतली नसती तरी संध्याकाळपर्यंत आपोआप विझणारच होती.

हे सुरू झालं आमेरचे अब्बा सिराजोद्दीन गेले तेव्हा. रहिमुन्निसा इद्दतीत बसली होती. नवरा गेल्यावर बाईनं ते काही महिने उंबरा ओलांडायचा नसतो. अशाच एका दुपारी नीलाकाकू मागच्या दारात परात घेऊन उभी राहिली. "भाभी, एवढं भाजून देता का?" नानकटाई तिला येतच नव्हती. तूप इतकं जास्त झालेलं की ट्रेमध्ये सगळ्याची मिळून एकच मोठी भाकरी झाली. रहिमुन्निसा ती पाहून हसली आणि नवरा जाऊन महिनाही न झालेल्या बाईनं हसावं काय, म्हणून लगेच तोंडावर ओढणी घेतली. काकू म्हणाली, "हसा हो. उद्या याहून वाईट करून आणते." दुसऱ्या दिवशी ती खरंच घेऊन आली. तिसऱ्या दिवशी गजालाला घेऊन आली. इद्दत संपली, वर्षं गेली, बायका येत राहिल्या.

आमेरला खोकला लागला तिथून गोष्ट बदलायला लागली. पहाटेपासून बाभळीचा धूर. डॉक्टर म्हणाले, छाती जपायची असेल तर धूर सोडा. आमेर हसला आणि घरी येऊन आईला म्हणाला, "धूर सोडा म्हणजे बेकरी सोडा. जालन्याला कंपनीत लागतो मंग." आईनं पोराच्या बरगड्या खोकताना हलताना पाहिल्या होत्या.

तेवढ्यात जालन्याच्या एका संस्थेची माणसं तालुक्यातल्या छोट्या उद्योगांना भेटत फिरत होती. जळण कमी लागावं, पाणी वाया जाऊ नये, धूर कमी व्हावा, आणि तरीही धंदा चालावा, यासाठी मदत करायची. नुसता सल्ला देऊन निघून जायचं नाही, दर महिन्याला यायचं, बरोबर राहायचं. मंठ्याची बेकरी गंधालीकडे आली.

गंधाली पहिल्यांदा आली ती सकाळीच, बायका यायच्या आधी. रहिमुन्निसानं तिच्या चेहऱ्याच्या आधी पोटाकडे पाहिलं.

"कितवा?"

"सहावा लागेल, खाला."

"आणि जालन्यावरून यष्टीनं आली?"

"रस्ता चांगला झालाय आता."

"रस्ता चांगला झाला, पोट तर तेच न्हाई का!"

गंधाली हसली, आणि रहिमुन्निसाचा जीव तिच्यावर जडला. सासर पुण्याचं, नवरा पार्थ जालन्यात बँकेत, आई लांब. पोरगी एकटीच गरगर फिरून राह्यली, एवढंच तिच्या मनात राहिलं. विजेचं, वाचलेल्या जळणाचं गंधाली जे बोलली ते आमेरनं ऐकलं.

त्या संध्याकाळी रहिमुन्निसानं बायकांना सांगून टाकलं, "मॅडम येतील त्या दिवशी कुणी यायचं न्हाई."

"का बाई? आम्ही काय चावतो का तुझ्या मॅडमला?" नीलाकाकू म्हणाली.

"चावत न्हाई, पाहता. पहिलटकरीण पोरगी आहे. इतक्या जणींच्या नजरा कशाला? आणि तुम्ही सगळ्या बसल्या की त्या खोलीत श्वास कोंडतो. चक्कर यायची तिला."

गजाला म्हणाली, "आणि आम्ही इतकी वर्षं घामात बसून राह्यलो, आम्हाला न्हाई लागली कुणाची नजर?"

"तुला कोण लावणार? तुझ्याकडे पाहायचं आरशानं पण सोडलं."

सगळ्या हसल्या, गजाला सगळ्यात जास्त. आणि ठरल्याप्रमाणे गंधाली यायच्या दिवशी मागच्या दाराला कडी लागायला लागली. फरशीवर पाणी मारलेलं असायचं. पंख्याखाली खुर्ची, खुर्चीवर उशी, शेजारी सब्जा घातलेलं लिंबू सरबत. खोली अशी शांत, जणू दुपारी इथं कधी कुणी नसतंच.

गंधालीकडे बंदुकीसारखं एक छोटं यंत्र होतं. ते भट्टीच्या तोंडाकडे धरलं की आकडा दिसायचा. दुसऱ्या भेटीत तिनं तो पाहिला आणि परत एकदा यंत्र धरून पाहिलं.

"अजून एवढी तापलेली? आग तर सकाळीच काढली ना?"

"सकाळीच," आमेर म्हणाला.

"मग आता हिच्यात काय भाजता?"

"आता? काही न्हाई मॅडम. पहिले टोस्ट करायचो. पॅकेटवाल्यांनी खाल्ले आमचे टोस्ट."

आमेर खोटं बोलला नव्हता. त्याच्यासाठी भट्टीत भाजणं म्हणजे विकायचं ते. आईच्या मैत्रिणींचे ट्रे त्यानं कधी धंद्यात धरले नव्हते, जशी आई धंद्यात धरली नव्हती. गंधालीनं रहिमुन्निसाकडे पाहिलं. ती सरबत हलवत होती.

"खाला, दुपारी रिकामीच असते ना भट्टी?"

त्या दिवशी तर ती रिकामीच होती. "खाली असते, बेटी," रहिमुन्निसा म्हणाली. "तू हे पी आधी. घाम बघ किती आलाय."

गंधाली येत राहिली. पिशव्या प्लास्टिकच्या होत्या, त्या कागदाच्या झाल्या. मैद्याची पोती जमिनीवरून फळ्यांवर गेली, ओल लागायची थांबली. दर वेळी ती दुपारी भट्टी मोजायची आणि दर वेळी भट्टी गरम आणि रिकामी सापडायची.

मग एकदा ती ओव्हनचं चित्र घेऊन आली. विजेवरचा, काचेच्या दाराचा. आमेर हरखून पाहत होता.

"खाला, तुमच्याकडे जळतं त्यातलं पुष्कळसं लाकूड नुसतं हवेत जातं. भट्टी दिवसभर तापून राहते आणि आत काहीच नसतं. हा ओव्हन लागेल तेवढाच तापतो. बटण बंद केलं की गार. धूर नाही. संस्था निम्मा भार उचलेल, आणि बसवल्यावरही आम्ही येत राहू."

"बसंल कुठं?"

"भट्टीच्या जागी. दुसरी जागाच नाही ना."

"सगळीच काढायची?"

"हो, खाला." गंधालीनं तिच्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या मनात काही आहे का? सांगा ना. घाई नाही."

रहिमुन्निसाचं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आमेरला ढास लागली. तो उठून दारात गेला, चौकटीला धरून वाकला, आणि त्याची पाठ हलत राहिली. खोकला थांबेपर्यंत दोघी बायका त्या पाठीकडे पाहत बसल्या.

"न्हाई बेटी," रहिमुन्निसा म्हणाली. "काढा."

दुसऱ्या दुपारी नीलाकाकूनं विचारलं, "सांगितलंस का तिला आमचं?"

"काय सांगू? माझ्या मैत्रिणींना बसायला पाहिजे म्हणून पोरानं धूर खावा?"

"असं कोण म्हणून राह्यलं? आमेरचा खोकला आम्हाला दिसत न्हाई का? पण विचार तरी. एवढी शिकलेली पोरगी आहे, काढंल आमची पण काही सोय. सगळं मोजते म्हणे. एक दिवस आम्हाला पण मोजावं."

"पुढच्या खेपेला सांगते."

पुढच्या खेपेला गंधालीचे पाय सुजलेले होते. सँडलचे पट्टे रुतून वळ उठले होते. रहिमुन्निसानं मीठ घालून पाणी कोमट केलं, टोपात तिचे पाय बुडवले, आणि ती नको नको म्हणत असताना खाली बसून हळूहळू दाबले. गंधालीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "आई इथं असती तर हेच केलं असतं." अशा वेळी भट्टीचा विषय कोण काढतं? ती गंधालीची रजेआधीची शेवटची भेट होती.

ओव्हन आला तेव्हा तिच्या जागी राजानंद नावाचे तिचे सहकारी होते. भला माणूस, सगळं नीट पाहून करणारा. आदल्या दोन दिवसांपासून भट्टी पेटवली नव्हती. मिस्त्रीनं पहार घातली, वरच्या विटा उतरवल्या, आणि आतली पहिली वीट हातात घेताच खाली टाकली. "अजून गरम आहे की हो ही!" मागच्या दारात बायका उभ्या होत्या. त्या दिवशी कडी नव्हती. ज्योत्स्ना थोड्या वेळानं म्हणाली, "चला, पोरांच्या शाळा सुटतील," आणि शाळा सुटायला अजून पुष्कळ वेळ होता.

आमेरचा खोकला गेला. हे खरं, आणि यासाठी रहिमुन्निसा पाचही नमाजांत शुक्र मानायची. खारी अशी फुलायला लागली की वडीगोद्रीचे हायवेवरचे हॉटेलवाले मागवायला लागले. मागच्या पडवीत मैद्यासाठी पत्र्याची खोली झाली. भिंती पांढऱ्या झाल्या. दुपारी आमेर बटण बंद करून झोपायला जायचा आणि ओव्हन थोड्या वेळात इतका गार व्हायचा की वर मांजर येऊन बसायचं.

बायका आल्या नाहीत. याव्यात कशाला? हातात परात नसताना नुसतं येऊन बसायचं म्हणजे पाहुणी होणं. आणि पाहुणीला चहा करावा लागतो, आज सहज कशी आलीस म्हणून विचारावं लागतं. काकू दुपारी टीव्ही लावायला लागली. गजालानं दुपारचीही शिलाई घेतली. रस्त्यात भेटल्या की तिघीचौघी तोंडभरून बोलायच्या, येते म्हणायच्या.

गंधाली परत आली ती बाळ घेऊनच. लेक होती, गाल असे की रहिमुन्निसानं तिला खाली ठेवलंच नाही. गंधालीनं ओव्हन पाहिला, आमेरच्या छातीचं विचारलं, पांढऱ्या भिंतीवरून हात फिरवला. तिच्या हातचं हे पहिलं पूर्ण झालेलं काम होतं. ती इतकी खूश होती की आमेरही लाजला.

बाळ आल्याचं कळलं तशी नीलाकाकू मागच्या दारानं आत आली, बाळाच्या हातात नोट ठेवली, कानामागे काजळाचं बोट लावलं आणि बसली.

"तर ही ती मॅडम. तुझ्यापायी आम्हाला हाकलून द्यायची ही तुझी खाला, माहीत आहे का?"

"मला? म्हणजे?"

"तू येणार म्हणलं की दाराला कडी! नजर लागंल म्हणे तुला आमची. गरम होईल म्हणे."

गंधाली हसत होती. "पण तुम्ही यायच्यात कशाला?"

"कशाला म्हणजे? भट्टीत भाजायला. नानकटाई, शेंगदाणे, काय असंल ते. दहाजणी तरी असायचो."

गंधालीचं हसू तसंच राहिलं, पण डोळे बदलले. "कधी? सणासुदीला?"

"रोज की. तू यायचीस तेवढा दिवस सोडून."

बाळ रहिमुन्निसाच्या बांगडीशी खेळत होतं. काकूला काहीतरी चुकलं एवढं कळलं, काय ते कळलं नाही.

"खाला," गंधाली हळू म्हणाली, "मी विचारलं होतं तुम्हाला."

"विचारलं होतंस. दोनदा विचारलं होतंस."

"अहो, मागच्या पडवीत छोटी भट्टी निघाली असती. तीर्थपुरीला एका फरसाणवाल्याकडे केली आहे आम्ही. धूर सगळा वर जातो, लाकूड ओंजळभर लागतं. आमेरभाईंना त्रासही झाला नसता. मला फक्त माहीत असायला पाहिजे होतं."

"मला काय माहीत, बेटी, ते पण सांगायचं असतं? तू धंद्याचं विचारून राह्यलीस असं वाटलं. बायकांच्या गप्पा काय सांगायच्या तुला."

आमेर दारात उभा होता. "मीच 'काही न्हाई' म्हणलो, मॅडम. पहिल्यांदा मीच म्हणलो." त्यानं मागच्या पडवीकडे पाहिलं. तिथं मैद्याची खोली होती, पक्की, कुलूप लावलेली. भट्टीच्या विटा गल्लीतल्या खड्ड्यात कधीच गेल्या होत्या.

गंधालीनं तसं सोडलं नाही. बरोबर राहायचं म्हणूनच तर ती येत होती. परत जायच्या आधी तिनं आमेरशी बोलून ठरवलं, आठवड्यातून एक दुपार ओव्हन बायकांसाठी चालू ठेवायचा. आमेर लगेच हो म्हणाला. "एवढ्या खर्च्यानं मी मरत न्हाई. अम्मीसाठी रोज चालू ठेवतो."

पहिल्या अशा दुपारी गंधाली मुद्दाम आली. बायकाही आल्या, पुढच्या दारानं, धुतलेल्या साड्या नेसून. नानकटाईचे ट्रे आत गेले. काचेतून सगळं दिसत होतं. बायका ओव्हनसमोर रांगेत उभ्या राहिल्या. बसायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

"ते लाल काय लुकलुकून राह्यलं?" गजालानं भिंतीकडे बोट केलं.

"मीटर," आमेर म्हणाला.

"म्हणजे आपलं भाजेपर्यंत ते पळतच राहणार?"

"पळू दे की. तुम्ही बसा खाला."

पण मग कुणाचं गप्पांत लक्ष लागलं नाही. ज्योत्स्ना बोलता बोलता मीटरकडे पाहायची. काकूनं सुनेची एक गोष्ट काढली आणि अर्ध्यावर म्हणाली, "झाली असतील बघ, काढ जल्दी. उगाच चालू कशाला?" नानकटाई काढली तेव्हा वरून पांढरीच होती. "बिलकुल छान झाली," सगळ्या म्हणाल्या. निघताना ज्योत्स्नानं काउंटरवर बरणीखाली एक नोट सरकवली. गुपचूपच सरकवली होती, पण रहिमुन्निसानं पाहिलं.

"हे काय गं?"

"राहू द्या खाला. बिलाला."

"मी तुझ्याकडून बिल घेतलं का कधी? तुझ्या जावेच्या बाळंतपणाचं सगळं खोबरं कुणी भाजलं?"

"तेव्हाचं वेगळं होतं हो," ज्योत्स्ना म्हणाली. तिचाही चेहरा उतरला होता. "तेव्हा आच उरलेली असायची. आता आमच्यासाठी लावून राह्यले तुम्ही."

रहिमुन्निसानं नोट तिच्या हातात परत कोंबली. ज्योत्स्ना नोट मुठीत धरून गेली. पुढच्या आठवड्यात तिघी आल्या आणि प्रत्येकीनं येताना काही ना काही आणलं, एकीनं साखरेचा पुडा, एकीनं केळी. त्याच्या पुढच्या आठवड्यात काकू एकटी आली, रिकाम्या हातानं. थोडं बसली, गुडघे दुखतात म्हणाली आणि गेली. आमेर आणखी काही आठवडे त्या दुपारी बटण चालू करत राहिला. मग आईच म्हणाली, "राहू दे बेटा. कुणासाठी तापवून राह्यला?"

गंधाली त्यानंतर आली तेव्हा ऊन मी म्हणत होतं. बाळ कुरकुरत होतं, प्रवासानं लाल झालं होतं. रहिमुन्निसानं त्याला घेतलं आणि ओव्हनच्या खोलीत गोधडी टाकली. "इथं निजव. घरात सगळ्यात थंड खोली हीच आहे आता."

बाळ निजलं, इतकं लगेच की दोघी पाहतच राहिल्या. गंधालीनं मोजायचं यंत्र पिशवीतून काढलंच नाही. माफी मागावी तर खाला मागू देणार नव्हती, एवढं तिला आतापर्यंत कळलं होतं.

"खाला, कशा बसायच्यात तुम्ही सगळ्या? मी कधी पाहिलंच नाही."

रहिमुन्निसानं खोलीभर नजर फिरवली. मग उठून दाखवायला लागली. "हे भट्टीचं तोंड. इथं मी, ट्रे ओढायला. काकू त्या भिंतीला टेकून, पाय पसरून, कुणाला जायला जागा द्यायची न्हाई. गजाला इथं, सुईदोरा घेऊन. नव्या सुना तिकडं दाराशी, त्यांना पळावं लागायचं ना सासू हाक मारली की." ती हळू आवाजात बोलत होती, बाळ उठू नये म्हणून. त्या खोलीत दुपारी आजवर कुणी हळू बोललं नसेल.

गंधाली ऐकत ऐकत भिंतीशी खाली बसली.

"जरा सरक बेटी," रहिमुन्निसा म्हणाली. "तिथं ज्योत्स्ना."

गंधाली सरकली.